चादरी टाकल्या की मशीन थडथडायला का लागतं? टॉप लोड वॉशिंग मशीन आतून कसं चालतं आणि घरी त्याची सर्व्हिसिंग कुठपर्यंत करायची

घटस्थापना आठ-दहा दिवसांवर आली की सोलापुरात घरोघरी 'दसरा काढायला' सुरुवात होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, जळमटं निघतात आणि घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला बाहेर पडतं. पूर्वी हे काम विहिरीवर, ओढ्यावर, तळ्याच्या काठाला व्हायचं. आता बऱ्याच घरांत ते वॉशिंग मशीनच्या गळ्यात पडतं. आणि वर्षभर निमूटपणे चालणारं मशीन नेमकं याच आठवड्यात बंद पडतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे तेच झालं. मशीन पाणी घ्यायचं, कपडे धुवायचं, पण पिळायची वेळ आली की टीं-टीं करत थांबायचं. पहिला मेकॅनिक आला, दोन मिनिटं बटणं दाबली आणि म्हणाला, "पीसीबी गेलाय, साडेचार हजार होतील." आईने त्याला चहा पाजून पाठवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या ओळखीतला मेकॅनिक आला. त्याने मशीनचा प्लग काढला, मागचं कव्हर उघडलं आणि पाणी बाहेर जाण्याच्या व्हॉल्व्हमधून केसांची एक पिन आणि धाग्यांचा लिंबाएवढा बोळा बाहेर काढला. चारशे रुपये घेऊन गेला. मशीन आजही चालू आहे.

आता प्रश्न असा की पाण्याची वाट तुंबली तर पिळणं का बंद पडतं? याचं उत्तर कळलं की निम्मं मशीन कळतं.

झाकणाखाली नेमकं काय असतं?

टॉप लोड मशीनमध्ये एकात एक असे दोन टब असतात. आतला आपल्याला दिसतो, भोकं असलेला. त्याला ड्रम म्हणू. बाहेरचा टब प्लास्टिकचा असतो, तो दिसत नाही आणि पाणी खरं तर तोच धरून ठेवतो. ड्रमच्या तळाशी पंख्यासारखी एक तबकडी असते, तिला पल्सेटर म्हणतात.

हे सगळं बिऱ्हाड मशीनच्या तळावर टेकलेलं नसतं, तर टांगलेलं असतं. बॉडीच्या चार कोपऱ्यांतून चार सळया खाली येतात, प्रत्येकीला स्प्रिंग असते आणि त्यांच्यावर टब लोंबकळत असतो. मशीन बंद असताना ड्रम हाताने हलकेच ढकलून बघा, पाळण्यासारखा हलतो. खाली मोटर, पट्टा आणि क्लच असतो. मेकॅनिक लोक क्लचला 'गिअर बॉक्स'च म्हणतात. नव्या इन्व्हर्टर मशीनपैकी काहींमध्ये पट्टा नसतो, मोटर थेट टबाच्या खाली बसवलेली असते.

धुताना ड्रमला ब्रेक लागलेला असतो आणि फक्त पल्सेटर फिरतो, थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. पिळताना ब्रेक सुटतो, क्लच दोघांना एकत्र बांधतो आणि अख्खा ड्रम एकाच दिशेने गरागरा फिरतो.

धुण्यातून पिळण्यात हा बदल कोण करतं? टबाच्या खाली एक लहानशी ड्रेन मोटर असते. बहुतेक पट्ट्याच्या मशीनमध्ये ती एक तार किंवा दांडी ओढते आणि त्या एका ओढीत दोन कामं होतात. पाणी जाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि क्लचचा खटका पडतो.

दुसरी गंमत पाण्याच्या पातळीची. मशीनला पाणी किती भरलं हे कसं कळतं? आत ना तरंगणारा गोळा असतो, ना कॅमेरा. बाहेरच्या टबाच्या तळाशी हवेचा एक छोटा कप्पा असतो आणि त्यातून एक बारीक नळी वर पॅनेलपर्यंत जाते. पाणी चढलं की कप्प्यातली हवा दाबली जाते आणि वरचा प्रेशर सेन्सर तो दाब मोजतो. दाब जास्त म्हणजे पाणी जास्त, दाब गेला म्हणजे टब रिकामा.

आणि टब रिकामा झाल्याची खात्री पटल्याशिवाय मशीन पिळायला सुरुवात करत नाही. म्हणून आमच्याकडे पिनेने पाणी अडवलं आणि बंद पडलं पिळणं. तक्रार एका ठिकाणी, आजार दुसऱ्याच ठिकाणी. मेकॅनिकने पाणी निघतंय का हे न बघता थेट पीसीबीचं नाव घेतलं तर एवढं तरी विचारा, "पाणी पूर्ण जातंय का ते पाहिलंत का?"

चार दिवसांआड पाणी आणि वॉशिंग मशीन

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. शहराचं पाणी मुख्यतः शंभरेक किलोमीटर लांब असलेल्या उजनी धरणाच्या भरवशावर चालतं आणि नळाला रोज पाणी येणं ही आपल्याकडे चैन मानली जाते. चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते टाकीत साठवायचं, कमी पडलं तर बोअर लावायचा. मशीनच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या साखळीत असतं.

पहिली गोष्ट गाळाची. बरेच दिवस कोरड्या पडलेल्या पाइपमधून येणारं पहिलं पाणी गढूळ असतं. टाकीच्या तळाशी माती बसते आणि टाकी खाली जायला लागली की ती मशीनकडे निघते. मशीनला पाण्याचा पाइप जिथे जोडतात तिथे आत एक बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती गाळाने बुजली की मशीन पाणी भरता भरता अर्धा तास लावतं, मग एरर दाखवतं. एलजीच्या मशीनवर तो 'आयई' असा दिसतो, दुसऱ्या कंपन्यांचे कोड वेगळे असतात.

दुसरी गोष्ट दाबाची. पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह विजेवर उघडतो, पण नीट काम करायला त्याला पाण्याचा दाबही लागतो. बऱ्याच मशीनच्या माहिती पुस्तिकेत किमान दाब साधारण ०.३ ते ०.५ बार लिहिलेला असतो. हिशोब सोपा आहे. टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर १ बार दाब मिळतो, १ मीटर उंच असेल तर ०.१ बार. म्हणजे तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी नळाच्या दोन-तीन मीटरच वर असेल, तर मशीन अडणारच. त्यात मशीनचा दोष नाही. अशा वेळी टाकी उंच करणं किंवा छोटा प्रेशर पंप बसवणं हा उपाय आहे, नवा व्हॉल्व्ह नव्हे.

टॉप लोडचा एक फायदा इथे कामाला येतो. नळाला दाब नसेल तर सरळ बादलीने वरून पाणी ओता. सेन्सर फक्त हवेचा दाब बघतो, पाणी नळातून आलं की बादलीतून याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पातळी पूर्ण झाली की मशीन आपोआप धुवायला लागतं. फ्रंट लोडवाल्यांना हे जमत नाही.

तिसरी गोष्ट क्षारांची. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात ते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण कठीणपणाची अपेक्षित मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. त्याऐवजी साबण आणि क्षार मिळून पांढरट चिकट साका तयार होतो. हा साका ड्रमच्या बाहेरच्या अंगाला बसतो, जिथे आपला हात कधीच पोचत नाही. त्यावर कपड्यांची लव आणि मळ चिकटतो, मग बुरशी धरते. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे-तपकिरी पापुद्रे दिसायला लागले की समजायचं, मामला दोन टबांच्या मधल्या जागेत आहे. फेस येत नाही म्हणून पावडर वाढवत नेली तर साकाही वाढत जातो.

हात लावण्याआधी

हा भाग घाईत वाचू नका. पाणी, लोखंड आणि २३० व्होल्ट एकाच डब्यात असलेली वस्तू घरात फार नसतात.

मशीनवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, बोर्डावरचा स्विच बंद करणंही पुरेसं नाही. प्लग उपटून काढायचा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच चुकीच्या तारेवर बसवलेला असतो, तेव्हा स्विच बंद असूनही मशीनपर्यंत करंट पोचलेला असतो. मग नळाची तोटी बंद करा, टब रिकामा आहे ना ते बघा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, फरशी पुसलेली.

मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर "ओल आहे, होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. याचा अर्थ कुठेतरी करंट गळतोय आणि अर्थिंग एकतर नाही, नाहीतर तुटलेलं आहे. मशीन त्याच क्षणी बंद ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मशीनच्या मेकॅनिकला नंतर. बॉडीवर टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटमध्येच हवा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर गळती झाल्याबरोबर तो वीज तोडतो. साडेचार हजारांच्या पीसीबीपेक्षा ही वस्तू आधी घ्यावी असं माझं मत आहे.

प्लग काढल्यावरही एक भाग धोक्याचा राहतो, कपॅसिटर. पट्ट्याच्या मशीनमध्ये मोटरजवळ डब्बीसारखा असतो आणि वीज गेल्यानंतरही त्यात चार्ज उरू शकतो. म्हणून मागचं किंवा खालचं कव्हर उघडून वायरिंगमध्ये हात घालणं हे घरचं काम नाही. कव्हरच्या बाहेरून जे जमतं तेवढंच आपलं.

घरी काय करायचं?

सुरुवात लव धरणाऱ्या जाळीपासून. ड्रमच्या आत भिंतीला एक खिसा किंवा छोटी डबी असते. ती दर दोन-चार धुण्यांनंतर काढून नळाखाली उलटी करून धुवायची. नवे टॉवेल टाकले असतील तर प्रत्येक वेळी. सोलापुरी टर्किश टॉवेल पहिल्या काही धुण्यांत इतकी लव सोडतात की एका फेरीत खिसा भरतो. खिसा फाटला असेल तर नवा स्वस्तात मिळतो, फाटका ठेवला तर तीच लव पुढे जाऊन व्हॉल्व्हमध्ये बसते.

मग पाणी येण्याची जाळी. तोटी बंद केल्यावर मशीनच्या मागचा पाइप हाताने उलटा फिरवून सोडवा. खाली फडकं धरा, थोडं पाणी सांडतंच. आत दिसणारी जाळी बारीक पक्कडीने मधल्या उंचवट्याला धरून सरळ बाहेर ओढायची, जुन्या टूथब्रशने घासायची आणि परत बसवायची. "जाळीच काढून टाकली, आता मस्त पाणी येतं" असं सांगणारे बरेच भेटतात. काही दिवस मस्त येतं. नंतर गाळ व्हॉल्व्हच्या आत जाऊन बसतो, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही टबात थेंब-थेंब पाणी भरत राहतं. पाइप परत लावताना आतला रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बघा, आटे वाकडे जाऊ देऊ नका आणि तोटी उघडून पाच मिनिटं गळती तपासा.

निचऱ्याचा पाइप बघायला दोन मिनिटं पुरतात. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पाणी फेकायला पंप नसतो, ते स्वतःच्या वजनानेच खाली जातं. म्हणून हा पाइप जमिनीलगत, उताराने, मोरीपर्यंत जायला हवा. तो बादलीत उंच ठेवला, दुमडला किंवा उंबऱ्यावरून नेला तर पाणी आत अडतं. पाणी वाचवायला बरेच जण निचऱ्याचं पाणी फरशीसाठी धरून ठेवतात. चांगलं आहे, फक्त भांडं बुटकं घ्या.

आता टबाची सफाई. महिन्यातून एकदा, बोअरचं पाणी असेल तर आणखी लवकर. बाजारात टब क्लिनर पावडर मिळते, पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा. मशीनवर 'टब क्लीन' असेल तर तो लावा, नसेल तर सगळ्यात जास्त पाण्याच्या पातळीवर, कपडे न टाकता मशीन भरा, पावडर घाला, पाच-दहा मिनिटं फिरू द्या, मग थांबवून तास-दीड तास भिजत ठेवा. नंतर पूर्ण फेरी होऊ द्या. पहिल्या वेळी आतून जे काही निघतं ते बघून किळस येते. पापुद्रे निघत असतील तर आणखी एक रिकामी फेरी द्या, नाहीतर तेच पुढच्या कपड्यांवर बसतात. क्षारांसाठी बरेच जण लिंबूसत किंवा व्हिनेगर वापरतात. क्षार त्याने सुटतात, पण रबर आणि धातूचं नुकसान होऊ शकतं, म्हणून आधी पुस्तिका बघा.

इथे एक धोका आहे. कपड्यांचं ब्लीच आणि लिंबूसत, व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड हे कधीही एकत्र करू नका, आधी एक घालून लगेच दुसरंही नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. युट्यूबवरच्या 'सगळं टाका आणि जादू बघा' छाप व्हिडिओंपासून लांब राहा.

पल्सेटर उघडायचा की नाही? मध्यभागी टोपीखाली एक स्क्रू असतो. तो निघाला की तबकडी वर उचलता येते आणि खाली नाणी, सेफ्टी पिना, बटणं आणि कधी हरवलेलं कानातलं सापडतं. प्लग काढलेला असेल आणि स्क्रू सहज फिरत असेल तर करून बघायला हरकत नाही. जड पाण्याच्या घरांत मात्र तो गंजून बसलेला असतो. जोर लावला की त्याच्या खाचा झिजतात आणि मग मेकॅनिकलाही तो निघत नाही. दोनदा प्रयत्न करून नाही हलला तर सोडून द्या.

चादरीचं गणित

बहुतेक टॉप लोड मशीन पिळताना मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे घेतात. ड्रमचा व्यास अर्धा मीटर धरला तर त्याची कड ताशी साधारण ६६ किलोमीटर वेगाने पळत असते. या वेगात कडेला एका बाजूला फक्त एक किलो वजन जास्त असेल तर टबाला बाहेर ओढणारा जोर साधारण १३५ किलो वजनाएवढा होतो.

आता सोलापुरी चादर घ्या. जाड सुताची, घट्ट विणीची. वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी पिऊन बसते. दोन किलोची चादर भिजली की सहा किलोचा गोळा होतो. एकटी टाकली की तो गोळा एका कडेला जातो, टब झोके घेत बॉडीवर आदळतो आणि 'थडथड' सुरू होते. मशीन ते ओळखतं, थांबतं, परत पाणी भरतं, कपडे हलवून सारखे करायचा प्रयत्न करतं आणि पुन्हा पिळून बघतं. चार दिवसांआड येणारं पाणी असं दोन-तीन वेळा वाया जातं. एलजीवर शेवटी 'यूई' येतो.

उपाय सोपा आहे. सारख्या वजनाच्या दोन चादरी समोरासमोर, घडी मोडून सैल पसरून ठेवा. गुंडाळी करून कोंबू नका. मशीनवर लिहिलेले किलो कोरड्या कपड्यांचे असतात आणि ड्रम वरपर्यंत दाबून भरायचा नसतो. नवी चादर पहिल्यांदा वेगळी धुवा, रंग जातो. वाकळ किंवा कापसाची गोधडी टॉप लोडमध्ये टाकूच नये, असं मी म्हणेन.

रेनकोट, ताडपत्री, गादीवरचं प्लास्टिकचं कव्हर हे पिळायला कधीच नाही. अशा कापडातून पाणी निघत नाही, ते एका बाजूला पिशवीसारखं साठतं आणि पूर्ण वेगात अचानक सरकतं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सॅमसंगने सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन परत बोलावली होती, कारण पिळताना मशीनचा वरचा भाग सुटून उडण्याचा धोका होता. जाड अंथरूण आणि पाणी न सोडणारे कपडे कमी वेगावरच धुवा, असं तिथल्या ग्राहकांना तेव्हा सांगितलं गेलं.

एखादा साधा टॉवेल टाकूनही थडथड होत असेल तर मशीनचे चार पाय बघा. रिकाम्या मशीनचे समोरासमोरचे कोपरे दाबा. डुगडुगलं तर जो पाय अधांतरी आहे तो फिरवून टेकवा आणि वरचा नट आवळा. खाली पुठ्ठ्याची घडी किंवा फरशीचा तुकडा घालणं तात्पुरतंच, दोन धुण्यांत तो सरकतो. पाय ठीक असूनही आवाज येत असेल तर त्या चार सळयांपैकी एखादीची स्प्रिंग गेलेली असते. सळया बदलायच्या तर चारही एकदम बदलाव्यात. एक नवी आणि तीन जुन्या असल्या की टब तिरकाच राहतो.

मेकॅनिककडे काय सोपवायचं?

क्लच, मोटर, पट्टा, कपॅसिटर, पीसीबी, सळया आणि खालून गळणारं पाणी. उंदराने वायर कुरतडली असेल तर तेही. बऱ्याच मशीनचा तळ उघडा असतो, तिथे जाळी बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र मेकॅनिकलाही करू देऊ नका. झाकणाचा स्विच खराब झाला की काही जण वायर थेट जोडून देतात, म्हणजे झाकण उघडं असतानाही ड्रम फिरत राहतो. ताशी ६६ किलोमीटरने पळणाऱ्या ओल्या चादरीत हात अडकला तर बाहेर काढायला वेळ मिळत नाही. स्विच नवाच टाकायला लावा.

बिल घेताना बदललेला जुना भाग मागून घ्या आणि नव्याची वॉरंटी लिहून घ्या. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे, तिथे सहभागी कंपन्यांच्या पुस्तिका आणि सर्व्हिसची माहिती एकत्र मिळते. फसवणूक झाल्यासारखी वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि धुणं झाल्यावर झाकण तास-दोन तास उघडं ठेवा, आत वास धरत नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र झाकण बंद, चाइल्ड लॉक चालू, टबात पाणी शिल्लक नाही आणि मशीनशेजारी स्टूल नाही, एवढं बघूनच तिथून हला. अशा घरात टब वाळवायचाच असेल तर मूल झोपलेलं असताना, कुणीतरी तिथेच असताना झाकण उघडा.